भाड्याचा फ्लॅट, चार भोकं आणि भिंतीवरचा ईझल : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही गोष्ट भिंतीवर बसवलेल्या ईझलची, म्हणजे रंगवताना कॅनव्हास उभा धरणाऱ्या स्टँडची, आणि माझ्या मावसबहिणीच्या घरातली आहे, नाव-पत्ता मुद्दाम देत नाही, मी तिला ताई म्हणतो तेच इथेही चालेल. शाळेत चित्रकला शिकवते, ए.टी.डी. म्हणजे कलाशिक्षकाची पदविका झालेली, आठवडाभर एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या पोरांची स्मरणचित्रं आणि संकल्पचित्रं बघून डोळे दमतात आणि रविवार तेवढा स्वतःच्या चित्रांसाठी उरतो. पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला भाड्याचा टूबीएचके आहे, त्यातली छोटी खोली म्हणजे तिचा स्टुडिओ. स्टुडिओ हा शब्द भावोजी जरा हसून उच्चारतात, कारण नऊ बाय अकराच्या त्या खोलीत लेकीचं स्टडी टेबल आहे, एक कपाट आहे, पाहुणे आले की उघडायचा दिवाण आहे आणि उरलेल्या जागेत कला.

ताई आधी कागदावरच काम करायची, हाफ इंपिरियल वगैरे मापाच्या, ते टेबलावर भागायचं. गेल्या दोन वर्षांत ती ॲक्रिलिकमध्ये आणि मोठ्या कॅनव्हासवर गेली, छत्तीस बाय अठ्ठेचाळीस इंच, म्हणजे तीन फूट बाय चार फूट. तिथून सगळं सुरू झालं.

नेमका प्रॉब्लेम काय होता

तिच्याकडे तीन पायांचा साधा लाकडी ईझल होता. असा ईझल उघडला की त्याचा मागचा पाय जाऊन बसतो तीन फूट मागे, म्हणजे भिंतीपासून तीन फूट, मग कॅनव्हास, मग ताई, आणि ताईला मागे सरून चित्र बघायचं असेल तर डायरेक्ट कपाटाला पाठ. चित्र लांबून बघता न येणं ही मोठ्या कॅनव्हासची खरी अडचण, जवळून सगळं बरोबर वाटतं आणि चार पावलं मागे गेल्यावर कळतं की झाड डावीकडे कलंडलंय. त्यात तो ईझल हलका. जाड ब्रश जोर लावून फिरवला की सगळं डुलायचं.

शेवटी एका रविवारी लेक टेबलाकडे जाताना मागच्या पायाला अडखळली आणि ओला कॅनव्हास तोंडावर दिवाणावर पडला. चादरीवर चित्र छान उमटलं म्हणे. त्या संध्याकाळी मला फोन आला, "तुझ्याकडे ड्रिल आहे ना?"

मी काही सुतार नाही, आयटीवाला आहे, पण ड्रिल आहे, एक जिगसॉ, म्हणजे विजेवर चालणारी छोटी करवत आहे आणि यूट्यूब बघून आलेला आत्मविश्वास आहे. बजेट ठरलं दोन हजार. आणि घरमालक काकांची एक अट होती, फोनवर त्यांनी स्पष्ट सांगितलं, "चार भोकं पाडा, जास्त नको, आणि जाताना बुजवून द्या." आम्ही हो म्हणालो. तेव्हा चार म्हणजे भरपूर वाटली होती.

पर्याय

सोपा पर्याय म्हणजे स्टुडिओमध्ये असतो तसा एच आकाराचा जड ईझल विकत घेणं. हलत नाही, वरखाली होतो, पण चांगला घ्यायचा तर आठ-दहा हजारांच्या पुढे आणि जागा तो पण खातोच. बाद.

दुसरा, कॅनव्हास सरळ भिंतीवर खिळ्याला टांगायचा आणि तिथेच रंगवायचा. खूप लोक असं करतात आणि मला वाटतं एकाच मापाचे कॅनव्हास असतील तर हे बेस्ट आहे, खर्च शून्य. पण उंची बदलता येत नाही. ताईची उभं राहून डोळ्याची उंची साधारण चार फूट दहा इंच, चार फुटी कॅनव्हासचा मध्य तिथे आणायचा तर खालची कड दोन फूट दहा इंचावर पाहिजे. तोच कॅनव्हास आडवा ठेवून स्टुलावर बसून काढायचा तर खालची कड दोन फूट चार इंचावर येते. आणि चित्राचा तळ रंगवताना कंबर वाकवायची नसेल तर कॅनव्हास अजून दीड-दोन फूट वर. म्हणजे एकाच चित्रात उंची चार वेळा बदलते. टांगण्याचा विषय तिथेच संपला.

तिसरा, पुली आणि दोरीचा, दोरीच्या दुसऱ्या टोकाला वजन लावायचं की कॅनव्हास एका बोटाने वरखाली. मला हाच करायचा होता खरं सांगतो. विहिरीच्या रहाटासारखं काहीतरी घरात असावं ही माझी हौस, ताईची नाही. तिने विचारलं, "दोरी सुटली तर वजन कुणाच्या पायावर पडणार?" बाद.

चौथा, भिंतीला दोन उभ्या लाकडी पट्ट्या आणि त्यांच्यावर वरखाली होणारी आडवी फळी. फळी कशावर अडकवायची याचे पुन्हा दोन उपप्रकार, पट्टीत दर दोन इंचाला भोक पाडून बोल्ट आणि कान असलेला विंग नट, किंवा कपड्यांच्या दुकानात भिंतीवर असतो ना तो खाचांचा स्टीलचा चॅनल, ज्यात ब्रॅकेट नुसतं अडकवायचं. बोल्टवाला जास्त घट्ट बसतो पण दर वेळी दोन नट सोडवा आणि फळी मांडीवर पेलून धरा. चॅनलमध्ये ब्रॅकेट उचललं, वर अडकवलं, झालं. रंगाने माखलेल्या हाताने जे होईल ते निवडायचं ठरलं, म्हणजे चॅनल.

पहिला निर्णय, कोणती भिंत

लाकडाचं डिझाइन मी वहीत तीन आठवडे काढत बसलो होतो, भिंतीचा विचार एका रविवारी दुपारी वीस मिनिटांत उरकला. उलटं करायला हवं होतं.

खोलीला एकच खिडकी, पश्चिमेला. खिडकीसमोरच्या भिंतीवर ईझल लावला तर उजेड पाठीमागून येतो आणि स्वतःचीच सावली कॅनव्हासवर, शिवाय तिथे अर्ध्या भिंतीला कपाट. उरल्या दोन बाजूच्या भिंती. उत्तरेकडची बाथरूमला लागून, दक्षिणेकडची हॉलला लागून. आता नियम असा की उजेड डावीकडून यावा म्हणजे रंगवणाऱ्या हाताची सावली चित्रावर पडत नाही, त्या हिशोबाने बाथरूमची भिंत बरोबर. पण त्या भिंतीत नळाचे पाइप आतून गेलेले, कुठून गेलेत कुणालाच माहीत नाही, आणि खालच्या बाजूला ओल येऊन रंगाला पोपडे आलेले. मी अर्धा तास या गोष्टीवर बोललो, पाइप शोधायचं मशीन कुणाकडे मिळेल, कॅनव्हासला मागून बुरशी लागेल का, उजेड महत्त्वाचा की ओल महत्त्वाची. ताई चहा घेत ऐकत होती. मग म्हणाली, "अरे पण मी डावखुरी आहे."

पस्तीस वर्षं ओळखतो मी तिला. भाऊबीजेला ओवाळताना ताट उजव्या हातात धरते एवढंच माझ्या लक्षात राहिलेलं बहुतेक. डावखुऱ्या माणसाला उजेड उजवीकडूनच पाहिजे, म्हणजे हॉलची कोरडी भिंत. प्रश्न मिटला.

तरी एक काम तिथेही केलं ते चांगलं केलं, भिंतीच्या दोन्ही बाजूंचे स्विचबोर्ड बघितले. वायरचे पाइप शक्यतो बोर्डापासून सरळ उभे वर जातात, हॉलच्या बाजूला टीव्हीचा बोर्ड होता, त्याची जागा मोजून आपल्या बाजूला पेन्सिलने उभी रेघ मारली आणि तिच्या दोन्हीकडे अर्धा अर्धा फूट सोडून दिला.

पहिलं भोक

इथे प्रकरण हललं. माझ्या घरी भिंती विटांच्या आहेत, तिथे मी आठ एमएमचा बिट, हॅमर मोड (ड्रिल फिरता फिरता ठोकेही देतं तो), मग स्क्रूला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची गिट्टी भोकात ठोकायची, स्क्रू पिळायचा, एवढंच करत आलोय. तेच इथे केलं. बिट लोण्यात सुरी जावी तसा आत गेला आणि मला वाटलं नवीन बिट भारी आहे. खाली पांढरी भुकटी पडली, मैद्यासारखी. गिट्टी बोटाने आत गेली, स्क्रू पिळला तर गिट्टीच गोल फिरायला लागली, आणि थोडं ओढलं तर गिट्टी, स्क्रू आणि सोबत भिंतीचा लिंबाएवढा तुकडा हातात.

भोकातून पडणारी भुकटी बघायची असते हे मला तेव्हा कळलं. लाल आली तर वीट. करडी आणि बिट रडत रडत जात असेल तर काँक्रीट. पांढरट, मऊ, आणि बिट आरामात जात असेल तर तो एएसी ब्लॉक, नव्या बिल्डिंगमध्ये आतल्या भिंती बऱ्याचदा याच्याच असतात. सिमेंट-चुन्याच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पावडर टाकतात, त्याने गॅस सुटतो आणि ते पीठ आंबल्यासारखं फुगतं, मग वाफेवर पक्कं करतात. थोडक्यात इडली. हलका इतका की पाण्यावर तरंगतो, उन्हाचा ताप अडवायला चांगला, पण हॅमर मोडने आत नुसता चुरा होतो आणि आखूड गिट्टीला धरायला काही उरत नाही.

चारातलं एक भोक गेलं. आणि भोक नव्हतंच ते, खड्डा होता.

आता काय, तीन रस्ते. एक, काकांना फोन करून अजून भोकं मागायची आणि आठ-दहा लांब गिट्ट्यांवर सगळं वजन वाटून द्यायचं. दोन, भोकात केमिकल भरून पक्का करायचा अँकर, जो महाग आणि जाताना काढता येत नाही. तीन, भिंतीवर वजन टाकायचंच नाही. तिसरा भावोजींनी सुचवला, तेही सहज, दारात उभं राहून. "अरे शिडी आपण भिंतीला टेकवतो तेव्हा भिंतीत थोडीच गाडतो?"

मी गप्प. कारण बरोबर होतं. उभ्या पट्ट्या जमिनीपर्यंत नेल्या की सगळं वजन फरशीवर, भिंतीने फक्त ते पुढे पडू नये एवढंच बघायचं. हिशोब करून बघितला. कॅनव्हास चार किलोच्या आत, फळी-ब्रॅकेट धरून सहा किलो, आणि हे वजन भिंतीपासून साधारण दहा सेंटीमीटर पुढे. वरचे स्क्रू जमिनीपासून दोन मीटरवर. सहा गुणिले दहा, भागिले दोनशे, म्हणजे वरच्या स्क्रूंवरची ओढ पाव ते अर्धा किलो, दोघांत मिळून. खरी भीती कॅनव्हासची नाहीच, कुणीतरी फळीला लोंबकळलं तर त्याची. आणि दोन पट्ट्या आडव्या तुकड्यांनी जोडून एक फ्रेम केली तर चारऐवजी तीन स्क्रू पुरतात, वर दोन आणि खाली एक. तीनच शिल्लक होती. जमलं.

बांधणी

लाकूड टिंबर मार्केटमधून आणलं, पाइनवुड, दोन बाय दोन इंची, उभ्यासाठी सात फुटी दोन आणि आडव्यांसाठी तुकडे. पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड निम्म्या भावात मिळत होतं पण प्रत्येक पट्टी एक डोळा मिटून टोकापासून बघितली तर सगळ्या केळीसारख्या वाकलेल्या, म्हणून नवीन घेतलं. महिना जुलै, हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. चॅनल आणि ब्रॅकेट बोहरी आळीतून. नायलॉनच्या लांब गिट्ट्या पण तिथेच, दुकानदाराला ब्लॉकची भिंत म्हटल्यावर त्याने न विचारता काढून दिल्या, म्हणजे हा प्रॉब्लेम त्याच्याकडे रोज येतोय.

फ्रेम दोन फूट रुंद, तीन आडवे तुकडे, फेविकॉल आणि स्क्रू. पॉलिश पेपर मारून सीलरचे, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या द्रवाचे, दोन हात. उभी केली, ओळंबा धरला, छान सरळ. भिंतीला लावायला गेलो तर मध्ये बोटभर फट. स्कर्टिंग! फरशीची ती चार इंची पट्टी भिंतीपासून सेंटीमीटरभर पुढे आलेली असते, फ्रेम तिच्यावर टेकते आणि वर भिंतीपासून लांब राहते. तसाच स्क्रू आवळला असता तर लाकूड धनुष्यासारखं वाकलं असतं. सोसायटीत एका फ्लॅटचं काम चालू होतं, तिथल्या सुतारदादांकडून बारा एमएम प्लायचे तीन चौकोनी तुकडे मागून आणले आणि प्रत्येक स्क्रूच्या मागे एक टाकला. त्यांनी वर एक सल्ला फुकट दिला, "दोन इंची लाकडातून स्क्रू किती बाहेर निघणार साहेब, आधी डोक्याला खड्डा करा." म्हणजे मोठ्या बिटने लाकडात इंचभर खोल खड्डा, स्क्रूचं डोकं त्यात, मग चार इंची स्क्रूचा एक इंच लाकडात, अर्धा प्लायमध्ये आणि अडीच इंच भिंतीत. नाहीतर भिंतीत जेमतेम दीडच इंच गेला असता.

भोकं पाडताना हॅमर बंद, बिट गिट्टीपेक्षा एक नंबर लहान, गिट्टी हातोडीने हळू ठोकून. या वेळी स्क्रू पिळताना मनगटाला जाणवलं की आत काहीतरी धरतंय. मग समोरून चॅनल, त्यात दोन ब्रॅकेट, त्यावर तीन फुटी फळी. फळीत दोन खाचा केल्या. पुढच्या खाचेत कॅनव्हासचा तळ ठेवला की तो तीन इंच पुढे येतो आणि कॅनव्हास मागे कलतो, मागच्या खाचेत जवळजवळ सरळ उभा. सरळ ठेवला की पुढे येऊ नये म्हणून वर एक फिरणारी लाकडी पट्टी, जुन्या खिडक्यांना असायची तशी.

फळीवर दहा किलो पीठ ठेवून रात्रभर सोडलं. सकाळी काही हललं नव्हतं. मग मी फळी दोन्ही हातांनी पुढे ओढून बघितली, तेही चाललं. लेकीला मात्र सांगून ठेवलंय.

खर्च

लाकूड ८४०, चॅनल ४४०, ब्रॅकेट १४०, स्क्रू आणि गिट्ट्या ११०, सीलर १५०, बिट ९०, रिक्षा १८०. एकूण १९५० रुपये. सुतारदादांचे प्लायचे तुकडे आणि सल्ला यात धरलेले नाहीत, त्यांना चहा झाला. तीन रविवार गेले, त्यातला एक पूर्ण त्या खड्ड्यात.

निकाल

ईझल भिंतीपासून जेमतेम सहा-सात इंच पुढे येतो, फळी काढून ठेवली तर तीन इंच. ताई आता आठ फूट मागे जाऊन चित्र बघते. कामाचा वेग वाढला वगैरे असं काही ती म्हणत नाही, पण पहिल्याच महिन्यात तिने एक अर्धवट पडलेला नदीचा कॅनव्हास उलटा करून, आडवा करून, वर चढवून पूर्ण केला, जे आधी तिने केलंच नसतं कारण दर वेळी ईझल सोडवायचा कंटाळा.

तक्रारी दोन आल्या. पहिली, ब्रॅकेटची खडखड. चॅनलच्या खाचेत ब्रॅकेट थोडं सैल असतंच, सपाट ब्रश जोरात ओढला की टकटक वाजतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून ब्रॅकेट आणि फळीच्या मध्ये आणि खाचेत कोंबले, ऐंशी टक्के आवाज गेला.

दुसरी तक्रार ऑक्टोबरमध्ये. जुलैत घेतलेलं लाकूड ओलसर होतं, ऑक्टोबरच्या उन्हात ते आटलं आणि मधला आडवा तुकडा कुरकुरायला लागला. स्क्रू परत आवळले, पण वरचा एक भिंतीचा स्क्रू पण थोडा ढिला वाटत होता आणि तो आवळायचा तर आख्खा चॅनल काढावा लागला, कारण मी हुशारीने चॅनल बरोबर स्क्रूंच्या डोक्यावर बसवला होता.

घरमालक काका मध्ये भाडेकराराच्या कामाला आले होते. खोलीत गेले, फ्रेम हलवून बघितली, वाकून मागे बघितलं, भोकं मोजली. खड्डा आम्ही पुट्टी भरून रंग मारून लपवला होता तरी त्यांनी त्यावर बोट ठेवलंच. "चार झाली," म्हणाले, आणि चहाला बसले.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी भिंत बघेन, लाकूड नंतर. एक बारीक तीन एमएमचं भोक स्कर्टिंगच्या लगेच वर पाडायचं, भुकटीचा रंग बघायचा, टाचणीएवढं भोक कुणी मोजत नाही. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर एक रविवार वाचला असता.

चॅनल उभ्या पट्टीच्या मधोमध न बसवता आतल्या कडेला बसवेन, म्हणजे भिंतीचे स्क्रू उघडे राहतील. लाकूड पावसाळ्यात घ्यायचंच असेल तर पंधरा दिवस घरात पंख्याखाली आडवं ठेवून मग कापेन. सात फुटांऐवजी साडेसात फूट उंची घेतली असती तर बरं झालं असतं, चार फुटी कॅनव्हास एकदम वर चढवला की वरची फिरणारी पट्टी त्याच्या मध्यावर येते आणि काही उपयोगाची राहत नाही, तेव्हा ताई चिमटे लावते.

स्वतःची भिंत असती आणि विटांची असती तर जमिनीपर्यंत पाय नेले असते का? मला वाटतं तरी नेले असते. भिंतीवर तरंगणारा ईझल फोटोत भारी दिसतो आणि खाली झाडू मारायला बरं पडतं हे खरं, पण फरशी फुकट वजन घेत असताना गिट्टीला का त्रास द्यायचा. फक्त एका ठिकाणी मत बदलेन, जिथे पावसात फरशीवर पाणी येतं त्या घरात पायांखाली रबर लावायला विसरायचं नाही.

एक गोष्ट अजून राहिली आहे, संध्याकाळचा लाईट. दिवसा खिडकी चांगलं काम करते पण ताईची ट्यूबलाईट बरोबर ईझलच्या समोर वर आहे, कॅनव्हास मागे कललेला असला की ओल्या रंगावर तिची पांढरी रेघ चमकते आणि खालचा रंग दिसतच नाही. मागच्या खाचेत सरळ ठेवला तर चमक बरीच कमी होते, पण सरळ कॅनव्हासवर बसून काम करायला तिला आवडत नाही. ट्यूब उजवीकडच्या कोपऱ्यात सरकवायची तर छताला दोन भोकं लागतील. त्यासाठी काकांना फोन कोण करणार यावर भावोजी आणि ताईचं अजून ठरलेलं नाही, दिवाळीनंतर बघू म्हणतायत.